रोज ५० किमी आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर – ३० ची बॅटरी पुरेल की ४५ ची घ्यावी?

पुरंदरचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. सासवडला राहतो, नोकरी हडपसरला, म्हणजे दिवे घाट उतरून जायचं आणि संध्याकाळी चढून यायचं, जाऊन येऊन ५० किमी. सध्या जुनी पेट्रोल गाडी आहे, फुरसुंगी आणि मंतरवाडीच्या ट्रॅफिकमध्ये १५-१६ चं ॲव्हरेज देते, महिन्याला आठ हजाराच्या वर फक्त पेट्रोल जातं आणि आता ते झेपत नाही. नेक्सॉन ईव्ही घ्यायचं जवळपास नक्की केलंय पण बॅटरीवर गाडं अडलंय. एक ३० किलोवॅट अवरची आहे, तिची कागदावरची रेंज २७५, दुसरी ४५ ची, तिची ४८९. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये दोन्हीत दीड ते दोन लाखाचा फरक पडतोय व्हेरिएंटनुसार, मास्तरच्या पगारात ही रक्कम लहान नाही.

महिन्यातून एकदा कोल्हापूरला जातो, आई तिथे असते, नारायणपूर-कापूरहोळ मार्गे सव्वादोनशे किमी पडतं. शोरूमवाला म्हणतो मोठीच घ्या, शेजारी म्हणतात रोज ५० किमीला ४५ ची बॅटरी म्हणजे विनाकारण वजन वाहून न्यायचं. घर स्वतःचं आहे, पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट आहे. खरी रेंज किती मिळते, वीजबिल किती वाढतं आणि घाटाने किती फरक पडतो, वापरणाऱ्यांनी सांगा. जाहिरातीतले आकडे नकोत.

रोज_नव्वद:

मास्तर, तीन वर्षं झाली ईव्ही चालवतोय, चाकण भागात कंपनी आहे, रोज ९० किमी. पहिली गोष्ट सांगतो, रेंज किती हा प्रश्नच विचारू नका, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येणार आणि तुमचा गोंधळ वाढणार. किलोमीटरला किती वॅट अवर जातात ते विचारा. जशी पेट्रोल गाडीत टाकी किती लिटरची हे एक आणि ॲव्हरेज किती हे दुसरं, तसंच हे आहे. एक किलोवॅट अवर म्हणजे हजार वॅट अवर, म्हणजेच आपलं बिलावरचं एक युनिट, म्हणजे तुमची टाकी ३० युनिटची किंवा ४५ युनिटची. गाडी शहरात किलोमीटरला साधारण ११० ते १३० वॅट अवर खाते, हायवेला १०० ने सलग पळवली की दीडशेच्या वर जाते. आता भागाकार करा. रोजचे ५० किमी गुणिले १२० म्हणजे ६ युनिट. एवढंच! ३० च्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. रोजच्यासाठी ३० भरपूर झाली, त्यात वादच नाही.

बिलाचं म्हणाल तर बॅटरीत ६ युनिट जायला मीटरवर पावणेसातच्या आसपास पडतात, कारण भिंतीतल्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करताना चार्जरमध्ये आणि बॅटरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते. ही गळती कुणी सांगत नाही, मी सबमीटर लावून बघितलीय, १२ टक्क्यांच्या जवळपास येते. महिन्याला २५ दिवस धरले तर १७० युनिट. घरचा वापर दीडशे असेल तर तुम्ही ३०० च्या पुढे जाताय, म्हणजे वरच्या काही युनिटला वरचा स्लॅब लागणार. माझ्याकडे सगळे आकार धरून वाढीव युनिट बारा रुपयांच्या पुढे पडतं, म्हणजे तुमचे दोन-सव्वादोन हजार होतील. आठ हजाराच्या जागी. छतावर सोलर बसवता आलं तर अजून खाली येईल.

आणि हायवेला वेग सांभाळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले तर दीडपटीच्या वर जातो. मी ८५-९० ला क्रूझ लावतो, साताऱ्याला पोचायला फार तर दहा मिनिटं जास्त लागतात पण किलोमीटरला १५५ वॅट अवरचे १३० होतात.

वायरमन_काका:

सॉकेटबद्दल आधी बोलतो कारण सगळे बॅटरीवर बोलतात आणि भिंतीकडे कुणी बघत नाही. सर, तो १५ अँपिअरचा पॉइंट कधी काढलाय आणि मागे वायर कोणती आहे ते बघितलं का? गिझर १५ मिनिटं चालतो, गाडी आठ-आठ तास सलग १४-१५ अँपिअर ओढते, हा फरक फार मोठा आहे. जुनी अडीच एमएमची वायर, मधे दोन जॉइंट, सॉकेटचे पत्रे सैल, असं असलं की प्लग गरम होतो आणि एक दिवस वितळतो. असे काळे पडलेले सॉकेट मी स्वतः बदललेत. मेन बोर्डापासून थेट चार एमएमची तांब्याची वायर टाका, मधे कुठे जॉइंट नको, २० अँपिअरची वेगळी एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडते ती). अर्थिंग वेगळं करा, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. बऱ्याच वेळा चार्जर लाल दिवा दाखवतो आणि लोक गाडी सर्व्हिसला घेऊन जातात, दोष असतो अर्थिंगचा. एक्स्टेंशन बोर्ड तर चुकूनही वापरू नका.

आता वेळेचं बघा, या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅटने चार्ज होते. तुमचे रोजचे ६ युनिट दोन-सव्वादोन तासात भरतात. पण ४५ ची रिकामी भरायला १५ तास लागतील, म्हणजे एका रात्रीत होणार नाही. मोठी घेतली तर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर घ्या, सहा-साडेसहा तासात फुल होते, मात्र त्याआधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. नाहीतर मिक्सर, गिझर, गाडी एकत्र लागले की मेन उडणार.

घाटवाटा:

घाटाचा हिशोब मी सांगतो, माझा आवडता विषय आहे. गाडी आणि माणसं मिळून १७०० किलो धरा आणि दिवे घाटाची चढण दोनशे मीटर धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की ३३ लाख ज्यूल येतात, म्हणजे ०.९ युनिट. मोटरची गळती धरली तर एक युनिट. घाट चढायला एक युनिट लागतं, बस! चढताना स्क्रीनवर ३००-४०० वॅट अवर दिसतात आणि लोक घाबरतात पण ते चार-पाच किमीपुरतं असतं. सकाळी उतरताना त्यातलं साधारण ०.६ युनिट रीजनने, म्हणजे गाडी हळू होताना मोटरच वीज बनवते त्यातून, परत येतं. पेट्रोल गाडीत ते सगळं ब्रेक तापवण्यात जातं.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजनची वीज ठेवायला जागाच नसते, गाडी रीजन कमी करते आणि सवयीने पाय उचलला तरी गाडी हळू होत नाही. तुमच्या घरापासून घाटमाथा आठ-दहा किमी असेल ना, तेवढ्यात थोडी जागा होते, पण तरी रोज ९० ला थांबवलेलं बरं. आठवड्यातून एकदा मात्र १०० करा, कारण नेक्सॉनची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे आणि एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे आत नेमकं किती शिल्लक आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. फुल केली की तो परत जागेवर येतो. रविवारी करा, घाट नसतो त्या दिवशी.

आणि कोल्हापूरहून परत येताना जातानापेक्षा थोडे जास्त युनिट जातील कारण सासवड कोल्हापूरपेक्षा उंचावर आहे. परतीला एक-दीड युनिट जादा धरून चाला.

वऱ्हाडी_ईव्ही:

नागपूरहून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तर एसीचा अनुभव आमच्याइतका कोणाले नसेल. एसी वेळेवर वीज खातो, किलोमीटरवर नाही, हे समजून घ्या. समजा एसी १.२ किलोवॅट ओढतोय. तुम्ही ट्रॅफिकमध्ये २० च्या वेगाने चाललात तर किलोमीटरमागे ६० वॅट अवर नुसते एसीचे, आणि हायवेला ८० ने चाललात तर फक्त १५. म्हणून उन्हाळ्यात शहरात गाडी जास्त खाते असं वाटते. उन्हात तापलेली गाडी थंड करायला सुरुवातीची दहा मिनिटं तर दुप्पट ओढते. यावर उपाय म्हणजे गाडी प्लगला असतानाच ॲपवरून एसी चालू करायचा, वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही.

अजून एक, भर दुपारी हायवेवर फास्ट चार्ज लावला तर बॅटरी आधीच तापलेली असते अन् गाडी स्वतःच वेग कमी करते. आम्ही पहाटे निघतो अन् दहाच्या आत चार्जिंग उरकतो. टायरची हवा पण दर पंधरा दिवसांनी बघा. मी कंपनीचे टायर झिजल्यावर दुकानदाराच्या सांगण्यावरून साधे टाकले, तर किलोमीटरला ८-१० वॅट अवर वाढले, ते आजपर्यंत सोसतोय.

किनी_टोल:

मी कोल्हापूरचाच, पुण्याला महिन्यातून दोनदा येणं असतंय, गाडी ३० ची. मास्तर, ३० घ्या, पैसे वाचवा. सव्वादोनशे किमीला एक थांबा लागतोय, कराडला नाहीतर साताऱ्यात. तसंही आपण चहा-मिसळीला थांबतोच की. ३५-४० मिनिटं लावली की पुढचं भागतंय. ८० टक्क्यांच्या पुढे मात्र फास्ट चार्जरवर बसू नका, तिथून चार्जिंग मंदावतंय आणि मागचा माणूस ताटकळतोय. बाहेर युनिटला वीसच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तरी किलोमीटरला चार रुपयाच्या आतच पडतंय.

रोज_नव्वद:

किनी_टोल, तुमचं बरोबर आहे पण थांबा कायम ४० मिनिटांचाच असतो का? मला एकदा हायवेच्या एका हॉटेलवर चार्जरच्या दोन्ही गन (गाडीला लावायचे प्लग) बंद मिळाल्या, ॲपमध्ये चालू दाखवत होतं. पुढच्या ठिकाणी माझ्या आधी दोन गाड्या. बायको, लहान मुलगी, दोन तास गेले. तेव्हापासून मी नियम केलाय की पुढच्याच्याही पुढच्या चार्जरपर्यंत पुरेल एवढी वीज असतानाच थांबायचं. ३० च्या बॅटरीत हा नियम पाळणं अवघड जातं. हिशोब बघा, किलोमीटरला १५० वॅट अवरने २२५ किमी म्हणजे ३४ युनिट. ४५ मध्ये न थांबता पोचतो आणि वीसेक टक्के उरतात. शिवाय मोठी बॅटरी चार्जही पटकन होते, कारण तेवढाच ताण देऊन तिच्यात जास्त किलोवॅट ढकलता येतात. आणि आठ-दहा वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर आली तर ४५ चे ३६ उरतील, ३० चे २४.

किनी_टोल:

ते बंद चार्जरचं मान्य आहे, मलाही दोनदा अनुभव आलाय. पण दीड-दोन लाख हातात आहेत, बंद चार्जर वर्षातून एखादवेळी.

सायली_वाई:

मास्तर, एक विचारू का? आई कोल्हापुरात एकट्या असतात का? माझे सासरे वाईला आमच्यासोबत असतात पण माझे आई-वडील सांगलीला, म्हणून विचारते. सगळे इथे ठरवून निघालेल्या प्रवासाचा हिशोब करतायत, फुल चार्ज करून, पहाटे उठून. मला मागच्या वर्षी रात्री दीडला फोन आला, बाबांना ॲडमिट केलं. गाडीत ३५ टक्के होते कारण मी आठवड्यातून दोनदाच चार्जिंगला लावायचे, आळस. माझी २४ ची गाडी, म्हणजे आठ युनिट. भावाच्या पेट्रोल गाडीची वाट बघत एक तास गेला तो मी विसरणार नाही. बाबा आता बरे आहेत. पण तेव्हापासून घरी आले की पहिलं काम प्लग लावायचं, चप्पल काढायच्या आधी. बॅटरी कितीची आहे हे महत्त्वाचं आहेच, पण रात्री दीड वाजता त्यात किती आहे ते बघा.

पुरंदरचा_मास्तर:

सायलीताई, हो, आई एकटी असते. वय ७४, दम्याचा त्रास आहे, इकडे यायला तयार नाही, तिची माणसं तिकडे आहेत. मी हे माझ्या प्रश्नात लिहिलंच नव्हतं आणि खरं तर तोच प्रश्न होता.

काल टेस्ट ड्राइव्ह घेतली, ४५ ची, आणि सेल्समनला विनंती करून दिवे घाटातून वर आणि खाली असं नेलं. एसी २४ वर, आम्ही तिघं. ट्रिप मीटर शून्य केला होता. ४१ किमी झाले आणि किलोमीटरला ११८ वॅट अवर आले, घाटवाटा यांनी सांगितल्याप्रमाणे चढताना आकडा खूप वर गेला आणि उतरताना परत खाली आला. तेव्हा रोजचे ६ युनिट हा हिशोब पक्का.

मग रात्री बसून दुसरा हिशोब केला. रोज रात्री ९० टक्के भरली तर ४५ मध्ये ४० युनिट, रात्री रस्ता मोकळा आणि ९० चा वेग, किलोमीटरला १४० वॅट अवर जरी धरले तरी ३१-३२ युनिटमध्ये कोल्हापूर. कुठेही न थांबता. संध्याकाळी घाट चढून आलो आणि अजून प्लग लावला नसेल तरी ७५ टक्के असतील, ३४ युनिट, म्हणजे वेग ८० ठेवला तर पोचतो. ३० मध्ये रात्री दोनला कराडच्या चार्जरपुढे एकट्याने उभं राहावं लागेल, तो बंद असेल तर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. ४५ घेतोय. किनी_टोल, तुमचा हिशोब चुकीचा नव्हता, फक्त माझी गरज वेगळी निघाली.

काका, इलेक्ट्रिशियन परवा येतोय. पार्किंग मेन बोर्डापासून २५ मीटरवर आहे, ७.२ चा वॉलबॉक्स बसवायचा तर चार एमएमची वायर चालेल की सहाची टाकू?

वायरमन_काका:

सहाचीच टाका. ७.२ म्हणजे ३२ अँपिअर सलग, त्यात लांबी २५ मीटर, चारमध्ये व्होल्टेज पडेल आणि वायर कोमट राहील. एमसीबी ४० ची, आरसीसीबी पण ४० ची, गळतीची मर्यादा ३० मिलीअँपिअरच. पाइपमधून न्या, उन्हात उघडी नको. आणि इलेक्ट्रिशियन गेल्यावर पहिल्या रात्री तासाभराने बोर्डाला आणि प्लगला हात लावून बघा, गरम लागलं तर बंद करा आणि मला इथे लिहा.