पुस्तक मिटून आठवून पाहा
अभ्यास पक्का होण्यासाठी कोणत्या सवयी लावाव्यात, असं विचारलं की बरेच जण चिकाटी आणि वेळापत्रक सांगतात, ते पटतंच. त्यात एक सवय जोडावीशी वाटते: पुस्तक मिटून आठवून पाहणं. धडा चारदा वाचला की ओळी ओळखीच्या होतात आणि आपल्याला येतंय असा भास होतो. कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं की गाडी कुठे अडते ते लगेच कळतं.

विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग अंतर वाढवत न्यावं.

आणि हो, चुकलेलं गणित खोडू नका. नेमकी कुठली पायरी चुकली ते शेजारी लिहा. माझ्या मुलीच्या वहीत अशी लाल शाईतली टिपणं आहेत. परीक्षेआधी ती आधी तीच पानं काढते.