एप्रिलमध्ये केदारकंठा: गोव्याहून जाताना तयारी काय करावी?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. शिगमो आटोपला की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जायचं म्हणतोय. डिसेंबर-जानेवारीची गर्दी नको आहे आणि चीड-देवदाराचं जुनं रान निवांत बघायचं आहे. चौघंही चाळिशीच्या आतबाहेरचे. वाघेरी, चंद्रनाथ असे डोंगर सगळ्यांना जमतात, पण बर्फावर कुणीच चाललेलं नाही.

त्या दिवसांत बर्फ कितपत असतो? क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब लोखंडी दात) लागतात की मायक्रोस्पाइकवर (रबर-साखळीवरचे आखूड दात) भागतं? समुद्रकाठच्या माणसांना उंची बाधू नये म्हणून काय करावं? चौघांपैकी दोघांचे बूट पाच-सहा वर्षं जुने आहेत, पण वापर फारसा नाही. तेच न्यावेत का?

घाटवाट

एप्रिलचा बर्फ डिसेंबरच्या बर्फासारखा नसतो, हे आधी पक्कं धरून चला. थंडीतला बर्फ कोरडा, दिवसभर साधारण एकाच जातीचा. एप्रिलमध्ये तो दिवसा वितळतो आणि रात्री परत गोठतो. पहाटे बुटाची टाच जेमतेम रुतते आणि दहा वाजता त्याच जागी पाय मांडीपर्यंत आत जातो. त्यामुळे सगळा हिशेब घड्याळावर.

जुडा का तालाब हा वाटेतला तळ्याकाठचा मुक्काम (सुमारे २,७७० मीटर) येईपर्यंत सहसा सावलीतल्या ओघळांत बर्फाचे पट्टे भेटतात. तिथून बेसकँपपर्यंत (३,४०० च्या आसपास) झाडीत साचलेला बर्फ आणि वरच्या दांडावर जवळपास सलग. वर्षागणिक फरक पडतो. निघण्याच्या आठवडाभर आधी सांकरीतल्या (चढाई सुरू होते ते गाव) गाइडला फोन करून दोनच गोष्टी विचारा: बेसकँपला पाणी वाहतंय की गोठलंय, आणि खेचरं कुठपर्यंत जाताहेत. खेचरं जिथं थांबतात तिथून तुमचा बर्फ सुरू.

माथ्याच्या दिवशी बेसकँपहून पहाटे ३ ला निघा. ३,८०० मीटरच्या माथ्यावर सहा-साडेसहापर्यंत पोचता येतं. साडेसातला उतरायला लागा आणि साडेनऊच्या आत झाडीच्या रेषेखाली या. निघण्याआधी तंबूबाहेर काठी टोचून बघा. रात्रभर आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता निघून जाते आणि वरचा थर कडक होतो. रात्री ढग असतील तर थंडी वाजूनही बर्फ नीट गोठत नाही. काठी वीतभर सहज आत गेली तर त्या दिवशी माथा सोडा. वर पोचाल कदाचित, पण उतरताना पावलोपावली रुताल आणि गुडघा पिळवटेल.

या वाटेला एप्रिलमध्ये मायक्रोस्पाइक बहुतेक वेळा पुरतात. सांकरीत भाड्यानं मिळतात. घेताना रबराला भेगा नाहीत ना आणि साखळीच्या कड्या उघडलेल्या नाहीत ना, हे हातानं ताणून बघा. थंडीत रबर आखडतं, म्हणून हातमोजे घालून चढवायचा सराव घरीच करा. स्पाइक पायात असताना घसरगुंडी अजिबात करू नका. दात बर्फात अडकतात आणि घोटा मोडतो. नऊनंतर दातांखाली ओल्या बर्फाचे गोळे धरतात, ते काठीनं झटकत राहा. शेवटच्या चढावर काचेसारखा गोठलेला बर्फ असेल तर तिथं स्पाइकचा भरवसा नाही. गाइड आइस-अ‍ॅक्सनं पायऱ्या पाडत असेल तरच पुढे जा.

आणि एक, नवखे हमखास फसतात ते झाडांपाशी. खोड गडद, ऊन शोषतं, त्यामुळे बुंध्याभोवतीचा बर्फ आतून वितळतो आणि वरून पातळ पापुद्रा राहतो. खाली झुकलेल्या फांद्यांखाली तर आधीपासूनच पोकळी असते. टेकायला म्हणून झाडाजवळ गेलात की कमरेपर्यंत आत. फांद्यांच्या घेराबाहेरून, दोन-तीन मीटर सोडून चाला. मोठ्या खडकांचंही तेच.

दुपारी गारा आणि विजा हे त्या महिन्यांतलं नेहमीचंच. बाराच्या आत तंबूत असावं. ताजा बर्फ पडला तर निदान एक दिवस थांबा आणि उभ्या उताराखालून आडवं जाणं टाळा.

कुळागर

बुटांचं मी सांगतो, कारण गोव्यात हा प्रश्न जास्त बिकट आहे. ट्रेकिंग बुटाच्या तळव्यात खालचं रबर आणि वरचा बूट यांच्या मध्ये बहुधा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा हा थर हळूहळू फोडतो. वापर नसला तरी फोडतो. उलट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवले असतील तर ओल आत कोंडून काम लवकर होतं. वरून बूट नवा दिसतो आणि पहिल्याच दिवशी अख्खा सोल उघडतो.

तपासायची रीत: मधल्या थराच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबा. खूण लगेच भरून आली तर ठीक. भुगा निघाला, चिकट लागलं किंवा बूट वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या, तर तो बूट बाद. चांभाराकडून कडेनं शिवून घेतलं तरी उपयोग नाही, कारण टाका धरायला आतला थरच उरलेला नसतो. पाच-सहा वर्षांचे बूट तपासून पास झाले तरी आधी दगडाळ वाटेवर, पाठीवर वजन घेऊन दोन-तीनदा चालवा. सोबत तीन मीटर नायलॉनची दोरी आणि काठीला गुंडाळलेली जाड चिकटपट्टी ठेवा. सोल उघडलाच तर बुटाच्या पुढून आणि कमानीखालून बांधून सांकरीपर्यंत उतरता येतं.

तंबूच्या कापडाचंही असंच. आतला थर चिकट झाला असेल आणि आंबूस वास येत असेल तर तो पाणी अडवणार नाही. पिसांची स्लीपिंग बॅग पावसाळाभर आवळून ठेवली असेल तर आता उघडून दोन दिवस सावलीत पसरा. बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ बघा, ‘एक्स्ट्रीम’ नव्हे. बेसकँपला उणे पाच धरून चला.

फोंडेकर

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. नखानं दाबून पाहिलं, एका जोडाचा भुगा निघाला. नवे घेतो.

आमचा बेत असा: देहरादूनहून सांकरी, दुसऱ्या दिवशी जुडा, तिसऱ्या दिवशी बेसकँप, चौथ्या पहाटे माथा आणि त्याच दिवशी थेट सांकरी. हे घाईचं होतंय का?

पारोडे_चढ

होय, घाईचं आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम. तुमच्या बेतात सांकरी १,९५० मीटर, जुडा २,७७०, बेसकँप ३,४००. शेवटची उडी ६३० मीटरची, आणि तीही समुद्रकाठाहून निघाल्यावर चार-पाच दिवसांत. जुड्याला एक रात्र वाढवा. त्या दिवशी सकाळी ३,१०० पर्यंत चढून या, खाली येऊन झोपा. हाच दिवस बर्फावर चालायचा सराव म्हणूनही कामी येतो आणि हवा बिघडली तर हाताशी राहतो.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा फार थकवा, एवढं असलं की उंची बाधली असं समजा आणि त्या दिवशी वर जाऊ नका. माणूस सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालू शकत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर रात्र असली तरी निदान ५०० मीटर खाली उतरवा. सकाळची वाट बघू नका. डायमॉक्स (उंची बाधू नये म्हणून घ्यायची गोळी) प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. त्याला घाबरू नका.

सरावासाठी पारोड्याचा चंद्रनाथ उत्तम. चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोनदा चढलात की सातशे. सांकरी ते जुडा ८२० मीटर आहे, वीस सेंटिमीटरच्या पायरीनं मोजलं तर ४,१०० पायऱ्या. पाठीवर आठ किलो घ्या, त्यातलं निम्मं पाण्याच्या बाटल्यांचं. सुरुवातीचे दोन आठवडे वर पोचल्यावर पाणी ओतून टाका म्हणजे उतरताना गुडघे वाचतील, नंतर वजनासकट उतरा. मांडीचे स्नायू थकतात ते उतारावर, आणि तुम्ही एकाच दिवसात माथ्यावरून १,८५० मीटर उतरायचं म्हणताय. तेही मोडा, वाटेत एक मुक्काम करा. मार्चमध्ये आपल्याकडं घामानं मीठ जातं, तेव्हा सकाळी साडेसातच्या आत खाली या. वाघेरीकडे जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी विचारून घ्या, ते वणव्याचे दिवस असतात.

देवराई

झाडं बघायला जाताय हे वाचून फार बरं वाटलं. गोव्यात पाइन नाही. मिरामारला दिसतात ती सुरूची झाडं; त्यांची ‘सुई’ म्हणजे बारीक डहाळी असते, ओढली की पेरापेरांतून सुटते. खऱ्या पाइनची सुई मुळाशी झुपक्यात असते. तो झुपका मोजा.

सांकरीच्या वाटेवर पुरोला-मोरीच्या भागात तीन सुयांचा झुपका, लांब, वीतभराहून जास्त: तो चीड. खोडावर तिरक्या खाचा आणि खाली टांगलेलं भांडं दिसेल, ते लीसा म्हणजे राळ काढण्यासाठी. सांकरीच्या वर पाच सुयांचा, खाली लोंबणारा झुपका: तो कैल. आखूड, टोकदार सुया आणि आडव्या थरांच्या फांद्या म्हणजे देवदार. त्याच कुळातला, पण पाइन नव्हे. आणखी वर खरसू ओक आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन). एप्रिलमध्ये बुरांश लाल फुललेला असतो. गर्दीच्या हंगामात जाणाऱ्यांना हे मिळत नाही.

वाटेत सवड असेल तर मोरीहून त्युणीच्या दिशेला हनोलजवळ थांबा. साठ मीटरहून उंच असा एक चीड तिथं होता, ‘महावृक्ष’ म्हणून जाहीर केलेला. २००७ साली तो कोसळला. त्याच्या खोडाचे तुकडे जपून ठेवलेत. वयानं खरोखर पुराण पाइन बघायचे तर किन्नौरचा चिलगोजा, कल्पा भागात. त्यात हजार वर्षांच्या आसपासची झाडं आहेत. साल चंदेरी, पापुद्र्यांची. त्यासाठी वेगळी सहल काढा, यात कोंबू नका.

चिडाखाली वाळलेल्या सुयांचा थर असतो, त्याला पिरूल म्हणतात. कोरड्या उतारावर त्यावरून बर्फापेक्षा जास्त घसरायला होतं; टाच आधी टेकवा, पावलं लहान ठेवा. आणि झाडाखाली शेकोटी नकोच. वरून विझलेली दिसली तरी सुयांच्या थरात आणि मुळांशी विस्तव धुमसत राहतो, आणि एप्रिल-मे हेच तिथल्या वणव्याचे महिने.

फोंडेकर

शेवटचं विचारतो. स्वयंपाक आम्हीच करणार. गॅस इथून न्यावा का, आणि किती?

घाटवाट

इथून नको. गॅसचे डबे विमानात आणि रेल्वेतही चालत नाहीत. देहरादूनला घ्या. डब्यावर आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण लिहिलेलं बघा. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खाली वायू होणंच थांबवतो, म्हणजे नेमका पहाटे अडीचला चहाच्या वेळी दगा देतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

बेसकँपचं पाणी गोठलेलं असेल तर बर्फ वितळवावा लागेल. बर्फाचं पाणी करायला जवळपास तेवढीच उष्णता लागते, जेवढी ते पाणी पुढं उकळायला. म्हणून त्या दिवसाचा गॅस दुप्पट धरा. भांड्यात आधी कपभर पाणी घालून मगच बर्फ टाका, नाहीतर बूड करपतं. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा उकडे तांदूळ नेऊ नका, शिजता शिजत नाहीत. पातळ पोहे, शेवया, सातू, आणि डाळ हवीच असेल तर मूग, लहान कुकरमध्ये.

पुरोल्याला रोख पैसे काढून ठेवा, पुढं एटीएमचा भरवसा नाही. सांकरीच्या अलीकडे नैटवाडच्या फाटकावर गोविंद पशू विहाराची (अभयारण्याची) नोंदणी होते, तिथं प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स लागेल, दोन-दोन प्रती ठेवा.