लॅम्पार्डचा गोल आणि पंचांचा हेतू

फुटबॉल विश्वचषकात 27 जून 2010 रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनला झालेल्या इंग्लंड-जर्मनी सामन्यात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा गोल पंच होर्हे लारिओंदा यांनी जाणूनबुजून नाकारला, हे मत मला मान्य नाही. आडव्या दांड्याला लागून चेंडू गोलरेषेच्या बराच आत पडला हे चित्रफितीत स्वच्छ दिसते, आणि 2-1 अशा पिछाडीवर असलेल्या इंग्लंडला त्या क्षणी बरोबरी मिळायला हवी होती, याबद्दल वादच नाही. परंतु चुकीमागे हेतू चिकटवण्यापूर्वी, डोळ्यांशिवाय दुसरे कोणतेही साधन त्या पंचांच्या हाती नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे.

मला त्याच रात्रीचा अर्जेंटिना-मेक्सिको सामना अधिक अस्वस्थ करतो. गोल करताना अर्जेंटिनाचा तेवेझ उघडउघड ऑफसाइड (प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीच्या नियमबाह्य पुढे) होता, मैदानावरील मोठ्या पडद्यावर ते दिसले, मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत राहिले आणि तरीही नियमानुसार पंचांना त्या चित्राचा आधार घेता येत नव्हता, म्हणून गोल कायम राहिला. हजारो प्रेक्षकांना जे कळले ते निर्णय घेणाऱ्यालाच वापरता येऊ नये, हा दोष माणसाचा नव्हे, व्यवस्थेचा होता. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी नंतर इंग्लंड आणि मेक्सिको या दोन्ही संघांची माफी मागितली. चेंडूने रेषा ओलांडली का हे सांगणारे गोलरेषा तंत्रज्ञान विश्वचषकात 2014 मध्ये आले, व्हीएआर (चित्रफीत पाहून पंचांना मदत करणारी व्यवस्था) 2018 मध्ये.

जर्मनी 4-1 असा जिंकला, म्हणून लॅम्पार्डचा तो गोल गौण ठरतो, हा युक्तिवादही मला पटत नाही. बरोबरीनंतर इंग्लंडला दुसऱ्या सत्रात बचाव उघडा टाकून पुढे धावावे लागले नसते, आणि जर्मनीच्या म्युलरचे दोन्ही गोल नेमके तशाच प्रतिहल्ल्यांतून झाले.