मदत हवी आहे: मुलांना गणित येतं, निर्णय घेता येत नाही

हेडस्टॉक
शुक्रवारी तास आहे, जरा लवकर सुचवा. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला उत्पादन व्यवस्थापन शिकवतो. जॉन्सनचा नियम (दोन मशीनवरची कामं कुठल्या क्रमाने लावली की सगळं लवकरात लवकर संपेल, ते सांगणारा) लावा म्हटलं की पाच मिनिटांत क्रम तयार. पण "उद्या सकाळी मशीनवर कुठलं काम आधी लावाल, आणि का?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप. मग मागून आवाज येतो, "सर, हे परीक्षेला आहे का?" वर्गात करून घेता येईल असं काहीतरी हवंय. पीपीटी आणि व्हिडिओ नकोत.

आण्णा_वर्कशॉप
मुलं किती? पन्नास मिनिटांचं लेक्चर की प्रॅक्टिकल? कॉम्प्युटर आहेत का? काहीच लिहिलेलं नाही.

पायथनप्रेमी
सिमपाय! पायथनमधली सिम्युलेशनची लायब्ररी. दोन मशीन आणि मधला बफर (थांबलेल्या मालाची जागा) एवढं मॉडेल थोडक्या ओळींत होतं. आकडे बदलून मुलांना खेळू द्या.

आण्णा_वर्कशॉप
कॉम्प्युटर आहेत का, हे वर विचारलंय.

चिंचवडकर
फाशांचा खेळ घ्या. पाच मुलं ओळीत, प्रत्येकासमोर वाटी, वाटीत चार-चार बटणं. पहिल्याला कच्चा माल हवा तेवढा. फाशावर पडेल तेवढी बटणं पुढे सरकवायची, पण वाटीत असतील तेवढीच. फाशाची सरासरी ३.५, म्हणून वीस फेऱ्यांत ७० बाहेर पडणार असं मुलं छातीठोक सांगतात. बहुतेक वेळा त्याहून कमीच पडतात, आणि मधल्या वाट्यांत माल साचलेला असतो. सगळ्यांची क्षमता सारखी असूनही!

शिरोलीकर
खेळ छान आहे, पण त्यात निर्णय कोण घेतंय? फासा टाकणाऱ्याच्या हातात काय असतं? आमच्या फाउंड्रीतला प्रसंग द्या. एसजी आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा घाणा, तयार, गोळे होण्यासाठीची मॅग्नेशियम ट्रीटमेंट झालेली, आणि साचे बनवणारी मोल्डिंग लाइन बंद पडली. धातू दहा-बारा मिनिटांत ओतला नाही तर मॅग्नेशियम उतरतं, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत. दुसऱ्या पॅटर्नचे मोल्ड (साचे) तयार आहेत, पण त्या कास्टिंगची ऑर्डर पुढच्या आठवड्याची. ओतायचं, की पिगिंग करून (साध्या ठोकळ्यांत ओतून) धातू पुन्हा भट्टीत घालायचा? सुपरवायझरला फोन करायलाही वेळ नसतो.

चिंचवडकर
हे तिसऱ्या वर्षाच्या पोराला काय कळणार? त्याने लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तरी पाहिलाय का?

शिरोलीकर
मग दाखवा की नेऊन. कोल्हापुरात फाउंड्र्या काय कमी आहेत?

हेडस्टॉक
६४ मुलं, दोन बॅच. दोन तासांचं प्रॅक्टिकल. कॉम्प्युटर आहेत, निम्मे चालतात. भेटीच्या बसला महिनाभर आधी परवानगी लागते, ते या वेळी जमणार नाही.

सर्टिफाइड_बेल्ट
मुलांना सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट (दर्जा सुधारण्याच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) करायला सांगा. प्लेसमेंटला उपयोग होतो.

निवृत्त_मास्तर
जॉन्सनचा नियम १९५४ चा. तोच वापरा, फक्त मोडा. तीन कामं, आधी लेथ मग ग्राइंडिंग, वेळ तासांत: क (४, ६), ख (७, ३), ग (२, ५). नियमाने क्रम ग-क-ख, सगळं १६ तासांत संपतं. मुलं खूश. आता सांगा की ख चा टेम्पो १३व्या तासाला दारात उभा राहणार. नियमाच्या क्रमात ख बाहेर पडतं १६व्या तासाला. ग-ख-क लावलं तर ख १२व्या तासाला तयार, पण एकूण वेळ १९. आता ठरवा: तीन तास जास्त मशीन चालवायचं, की गिऱ्हाइकाला थांबवायचं? त्यासाठी मशीनचा तास केवढ्याला पडतो आणि उशिराचा दंड किती, हे विचारावं लागतं. विचारणारी मुलं कोण, ते पाहा. गुण त्यांना द्या.

गेट_इच्छुक
सर, तीन मशीन असतील तर जॉन्सन चालतो का? गेट परीक्षेसाठी विचारतोय.

निवृत्त_मास्तर
मधल्या मशीनची कमाल वेळ पहिल्याच्या किंवा तिसऱ्याच्या किमान वेळेपेक्षा जास्त नसेल तर चालतो. धागा वेगळा काढा.

पायथनप्रेमी
तीन कामांचे सहाच क्रम. कॉम्प्युटर क्षणात सगळे तपासेल, मग विचार कशाला?

शिरोलीकर
टेम्पो कधी येणार हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

वालचंदनगरी
ईओक्यूचंही (एका वेळी किती माल मागवला की खर्च सगळ्यात कमी, ते काढायचं सूत्र) तेच. १९१३ चं सूत्र अजून चार दशांश स्थळांपर्यंत सोडवून घेतात. वार्षिक मागणी १०,०००, ऑर्डरचा खर्च ५००, साठवणीचा नगाला १० रुपये. उत्तर १००० नग. त्याच्या दुप्पट मागवले तरी ऑर्डर अधिक साठवण हा खर्च २५ टक्क्यांनीच वाढतो. कुठे डोकं लावायचं आणि कुठे नाही, हे कुणी शिकवतच नाही. बाकी मेकॅनिकलला येतंय कोण आजकाल! हुशार पोरं कॉम्प्युटरला.

आण्णा_वर्कशॉप
झालं सुरू. जेवणाच्या सुट्टीत बोलू यावर.

डोंबिवली_फास्ट
एमआयटीचा बिअर गेम माहीत आहे ना? दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना अशी साखळी, प्रत्येक जण फक्त पुढच्याची ऑर्डर बघून माल मागवतो. जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास काढला. आमच्या प्राचार्यांना नाव खटकलं, म्हणून ताकाचा खेळ केला. चार फेऱ्यांत कारखान्याकडे ताकाचा पूर. कृपया हलके घ्या.

हेडस्टॉक
मास्तरांचं उदाहरण घेतो, दुसऱ्या तासाला शिरोलीकरांची हीट. टेम्पोची वेळ आधी सांगू, की विचारेपर्यंत गप्प बसू?

निवृत्त_मास्तर
गप्प बसा. अर्ध्या तासात कुणीच विचारलं नाही तर शिपायाला आत पाठवा, "सर, गेटवर टेम्पोवाला आलाय" म्हणून.

चिंचवडकर
ताकाच्या खेळाचा तक्ता कुणीतरी व्यक्तिगत निरोपातून पाठवा.