मारुती 800चे चार जुने टायर: कुंड्या, स्टूल आणि झोका करायचाय

अंगण_पुणे
145/80 आर12 मापाचे चार टायर आहेत. दोनांत मेथी-पालक लावायचा विचार आहे, एकाचं दोरी गुंडाळून स्टूल, एकाचा मुलांसाठी झोका. कुंड्यांचं तोंड मोठं करायला सुरी फिरवून पाहिली, कडेपाशी अडकते. ग्राइंडर लावू का? आणि पांढरा रंग देऊन चालेल का?

रबर_आणि_माती
ग्राइंडर नको. रबर जळून धूर होतो, काप चिकट येतो. सुरी अडकते कारण रिमवर बसणाऱ्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं, ते सोडूनच कापायचं. अशा रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत कापडाचे थर असतात, पोलादी पट्टे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली. म्हणून भिंतीच्या मधोमध, कडेपासून चार-पाच सेंटिमीटरवर सुरी खुपसा आणि गोल फिरवा. पात्याला साबणाचं पाणी लावत राहा, नाहीतर रबर पातं धरून ठेवतं. सुरी अंगाकडे ओढू नका.

भाजी मात्र टायरात लावू नका. रबरात एक-दोन टक्के झिंक ऑक्साइड असतो, शिवाय तेलं. आम्लधर्मी मातीत झिंक जास्त सुटतो. मे महिन्यात काळं रबर तापतं आणि कडेची मुळं भाजतात, ते वेगळंच. झेंडू, शेवंती, कोरफड लावा.

डास_नको
सगळ्यात आधी पाण्याचं बघा. टायर आडवा ठेवला की खालच्या भिंतीची पन्हळ तयार होते, पाऊस पडला की ती भरते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून डेंग्यूचे डास उडतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे पाणी ओतून दिलं की झालं असं नाही, आतून ब्रशने घासा.

निचऱ्याची भोकं 12 मिमीची, सहा ते आठ, पन्हळीच्या सर्वांत खोल भागात. ड्रिलचं भोक रबरात आवळतं, 8 मिमीचं पाडलं तर मातीने लगेच बुजतं. कुंडीला आत खडी किंवा नारळाच्या शेंड्या टाका. कोरडी माती साधारण 30 लिटर लागते.

दोरीवाला
स्टूलला 12 मिमी प्लायची 50 सेंटिमीटर व्यासाची चकती घ्या. टायरच्या भोकावर ठेवून 30 मिमी स्क्रू चकतीतून रबरात मारा, सहा पुरेत. दोरी काथ्याची 10 मिमी: वरच्या चकतीला सुमारे 20 मीटर, बाजूला 25, म्हणून 50 मीटरचं बंडल घ्या. पांढरा फेविकॉल रबराला धरत नाही, चांभार वापरतात ते पिवळं सोल्युशन दोन्हीकडे लावून दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. मधून बाहेर वळसे घ्या. वळसा सैल राहिला तर बसताना दोरी सरकते. काथ्या भिजला की काळा पडतो, स्टूल छपराखालीच ठेवा.

झोका उभा टांगला की सर्वांत खालचा बिंदू नेमका पोलादी पट्ट्यांत येतो. तिथे निचऱ्याचं भोक पाडलं तर तारांची टोकं बाहेर येतात, गंजतात, मुलांना लागतात. त्यापेक्षा आडवा टांगा: वरच्या भिंतीत समान अंतरावर तीन भोकं, 10 मिमीचे आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले), दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, आणि साखळी. वॉशर लहान असला तर बोल्ट रबरातून निसटतो. निचऱ्याची भोकं अर्थातच खालच्या भिंतीत.

अंगण_पुणे
पालक रद्द. पांढऱ्या रंगाचं?

रबर_आणि_माती
पांढऱ्यातून रबराचं तेल वर येतं, तपकिरी डाग दिसतात. विटकरी किंवा गडद निळा घ्या. ऑइल पेंट कडक होतो, टायर दबला की तडकतो. बाहेरच्या भिंतीचा पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंग, दोन हात. आधी कपड्यांच्या साबणाने घासून पूर्ण वाळवा. स्टूल दोरीनेच झाकायचं, त्याला रंग कशाला?