जेरुसलेमच्या गीची गादी नक्की कधी गेली?

नेरूळचा_वाचक: पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर क्रुसेडचा, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांचा विषय आहे. जेरुसलेमचा राजा गी द लुझिन्याँ ४ जुलै ११८७ला हत्तीनच्या लढाईत सुलतान सलादिनकडून हरला आणि कैद झाला, हे सगळीकडे मिळतं. पण ११८८त सुटल्यावरही तो राजा म्हणूनच वावरतो. मग गादी गेली कधी? आणि हत्तीनला नेमकं चुकलं काय?

घोडबंदर_रोड: आधी हक्क कुणाचा ते बघा. गी फ्रान्समधल्या प्वातूचा, त्या राजघराण्यातला नव्हेच. ११८०त त्याचं लग्न कुष्ठरोगी राजा चौथा बाल्डविन याची बहीण सिबिला हिच्याशी झालं. ११८६त तिचा लहान मुलगा पाचवा बाल्डविन वारला, ती राणी झाली आणि मुकुट तिनेच नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला. गादी तिची होती. हत्तीनला सैन्य गेलं, २ ऑक्टोबरला जेरुसलेम शहरही गेलं, तरी हक्क शाबूत राहिला. सुटकेनंतर टायर शहर राखून असलेला सरदार कॉनराड याने त्याला वेशीच्या आत घेतलं नाही, तेव्हा ऑगस्ट ११८९त त्याने तुटपुंज्या फौजेनिशी आक्रे बंदराला वेढा घातला. या धाडसाचं श्रेय त्याला फार कमी मिळतं. त्याच छावणीत ११९०त सिबिला आणि दोन्ही मुली आजाराने गेल्या. माझ्या मते गादी गेली ती तिथे. वारसा सिबिलाची सावत्र बहीण इझाबेला हिच्याकडे गेला. तिचं पहिलं लग्न रद्द करवून कॉनराडने नोव्हेंबरात तिच्याशी लग्न केलं.

कळवा_पूल: हत्तीनचं उत्तर पाण्यात आहे. सफूरियाच्या तळावर झरे होते, गीची फौज तिथे सुरक्षित होती. तिबेरियास शहर तिथून साधारण ठाणे-बेलापूरएवढं लांब. आपल्याकडे जुलै म्हणजे भर पावसाळा, गॅलिलीत तेव्हा थेंब पडत नाही. सलादिनने २ जुलैला तिबेरियास वेढलं ते यांना बाहेर ओढायलाच. गीच्याच बाजूचा सरदार, त्रिपोलीचा रेमंड, याची स्वतःची बायको आत अडकलेली, तरी तोच 'जाऊ नका' म्हणत होता. ३ तारखेला फौज निघाली, वाटेतला तुरानचा झरा मागे टाकला आणि सलादिनने परतीची वाट अडवली. पिछाडीच्या टेंपलरांवर (लढवय्या ख्रिस्ती संन्याशांचा पंथ) सतत बाण, त्यामुळे सगळी फौज रेंगाळली. रात्र पाण्याविना काढली. सकाळी वाळलं गवत पेटवून दिलेलं, त्याचा धूर तोंडावर.

गीने रेमंडचं ऐकलं का नाही, तर ११८३मुळे. तेव्हा तो राज्याचा कारभारी होता आणि झऱ्यापाशी तळ ठोकून त्याने लढाई टाळली. सलादिन परत गेला, पण गी भित्रा ठरला आणि कारभारीपद गमावून बसला. चार वर्षांनी तोच सल्ला मानणं त्याला जड गेलं.

नेरूळचा_वाचक: आणि सायप्रस बेट गीकडे कसं आलं?

घोडबंदर_रोड: जुलै ११९१त तडजोड झाली: गी हयात असेपर्यंत राजा, नंतर कॉनराड. एप्रिल ११९२त सरदारांनी कॉनराडलाच निवडलं; २८ तारखेला त्याचा खून झाला आणि आठवड्याभरात इझाबेलाचं लग्न फ्रान्समधल्या शँपेनचा सरदार हेन्री याच्याशी लागलं. गीचं नाव कुणी काढलंच नाही. सायप्रस इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ११९१त जिंकून टेंपलरांना १,००,००० बेझंटला (सोन्याची नाणी) विकलं होतं. ४०,००० भरल्यावर निकोसियात बंड झालं, त्यांनी बेट परत केलं आणि ते गीने घेतलं. तो ११९४त वारला. पुढे भाऊ एमरी सायप्रसचा राजा झाला, आणि इझाबेलाशीच लग्न करून जेरुसलेमचाही.