मदत हवी आहे – काळा आजार (काला-अजार, लिशमॅनिया परजीवीमुळे होणारा) की अजून काही?

डॉक्टर मंडळी, जरा सल्ला हवाय. एक प्रौढ पेशंट आहे, ताप दोन आठवड्यांच्या वर गेलाय, वजन उतरलंय, प्लीहा बेंबीपर्यंत हाताला लागते आणि रक्ताच्या तिन्ही सेल लाईन (तांबड्या, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट) कमी, त्यात रक्तातल्या प्रथिनांपैकी अल्ब्युमिन खाली नि ग्लोब्युलिन चांगलंच वर. मलेरिया निगेटिव्ह, ब्लड कल्चरमध्ये काही नाही. आरके३९ ची रॅपिड टेस्ट (काळ्या आजाराच्या अँटिबॉडी शोधणारी) केली तर पट्टीवर टेस्टची रेघ फिकट का होईना पण स्पष्ट आली.

आता अडचण अशी की याला काही वर्षांपूर्वी काळा आजार होऊन गेलाय, आणि बरं झाल्यावरही ही टेस्ट कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणजे नुसत्या रेघेवर रिलॅप्स (आजार उलटणं) ठरवता येत नाही, परजीवी दिसायलाच हवेत. बोन मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) केला, स्लाईडवर मॅक्रोफेजमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) अमॅस्टिगोट, म्हणजे पेशीत राहणारं परजीवीचं रूप, काही सापडले नाहीत. पण मॅरोची सेन्सिटिव्हिटी (आजार असेल तर तो पकडण्याचं प्रमाण) साधारण ५० ते ८० टक्केच, प्लीहेच्या सुईतपासणीची ९० च्या वर. ती करावी तर प्लेटलेट ४०,००० च्या खाली आहेत, रक्तस्रावाची भीती वाटते, माझ्या मते आत्ता ती नकोच.

मग मॅरो परत करून जास्त वेळ स्लाईड बघायची की रक्ताचा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) पाठवायचा? एचआयव्हीचा रिपोर्ट यायचाय. लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) आणि एचएलएच (प्रतिकारशक्ती अनावर होऊन स्वतःच्याच पेशींवर उठते तो आजार) पण डोक्यात आहेत, पेशंट रोज थकत चाललाय हो, कोणी अशी केस हाताळली असेल तर प्लीज लवकर सांगा.